सायबॉर्ग हीरोचे डोळे कसे डिझाइन करायचे: अ‍ॅडम जेन्सनच्या चष्म्यावरून शिकण्यासारखं बरंच काही

सायबॉर्ग, म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र, काढायला बसलं की बहुतेक जण आधी एक डोळा लाल करतात, भोवती दोनचार स्क्रू, गालावरून मानेकडे जाणारी एखादी वायर, झालं. दिसतं भारी, पण त्या डोळ्याबद्दल काही विचारलं की उत्तर मिळत नाही. कुणी बसवला, पैसे कुणी भरले, त्यातून ह्याला नेमकं काय दिसतं, आणि तो बसवल्यामुळे ह्याचं काय गेलं? माझं ठाम मत आहे की डिझाइनची सुरुवात ह्या शेवटच्या प्रश्नापासून करावी, लेन्सचा आकार आणि रंग त्याच्या खूप नंतर येतात. आणि हे कसं करायचं ते शिकायला माझ्या मते सगळ्यात चांगला नमुना म्हणजे 'ड्यूस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन' ह्या व्हिडिओ गेममधला अ‍ॅडम जेन्सन, त्याचा तो कातडीतून बाहेर येणारा काळा चष्मा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम २०११ चा, आयडॉस मॉन्ट्रियल स्टुडिओचा, आर्ट डायरेक्टर जोनाथन जॅक-बेलटेट. गोष्ट २०२७ मधली, डेट्रॉइट शहरात सरिफ इंडस्ट्रीज नावाची कंपनी आहे जी माणसांच्या शरीरात बसवायची यंत्रं बनवते, जेन्सन तिथला सिक्युरिटी चीफ. लॅबवर हल्ला होतो, हा जवळजवळ मरतो, आणि कंपनीचा मालक डेव्हिड सरिफ त्याला वाचवतो, पण वाचवताना जीव राहण्यापुरतं जे लागत होतं त्याहून बरंच जास्त यंत्र त्याच्या अंगात घालून टाकतो. दोन्ही हात, डोळे, डोक्यातली चिप. ह्याला शुद्ध नव्हती, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही.

आता डिझाइनर म्हणून बघा, त्याच्या चष्म्याला काड्या नाहीत. नाकावर टेकलेला नाही. डोळ्याच्या खोबणीभोवतीच्या हाडात बसवलेल्या पट्टीतून काच सरकत बाहेर येते आणि परत आत जाते. म्हणजे आपण जसा चष्मा काढून टेबलावर ठेवतो तसा तो ठेवू शकत नाही, काच आत गेली तरी डोळ्याभोवतीची ती काळी पट्टी चेहऱ्यावर राहतेच. कंपनीने दिलेली वस्तू आता त्याचा चेहरा झालीये. ही एक गोष्ट पकडली की बाकी सगळं आपोआप सुचायला लागतं.

आधी कागदावर लिहा, चित्र नंतर

पेन्सिल उचलायच्या आधी चार-पाच ओळी लिहून काढा. हीरोचं काय झालं होतं, म्हणजे अपघात, आजार, युद्ध, की हौस म्हणून करून घेतलं. बिल कुणी भरलं. दुरुस्ती कुठे होते आणि किती वेळा. स्वतः काढू शकतो का. आणि काढला तर मागे काय उरतं. ह्यातली दुरुस्तीची ओळ लोक हमखास विसरतात आणि मग डोळा असा काढतात की जणू आकाशातून पडला, कुठे झाकण नाही, जोड नाही, उघडायची जागा नाही. जेन्सनच्या जगात यंत्र बसवलेल्यांना न्यूरोपोझीन नावाचं औषध घेत राहावं लागतं नाहीतर शरीर ते यंत्र नाकारतं, आणि ते औषध महाग आहे, त्यावरून अख्ख्या शहरात माणसं हवालदिल झालेली दिसतात. त्यामुळे त्या जगातला कुठलाही इम्प्लांट बघितला की हा माणूस आता कुणाचा तरी गिऱ्हाईक झालाय, कायमचा, हे न सांगता कळतं.

आणि एक छोटी गोष्ट जी मला प्रत्येक वेळी हलवते. डेट्रॉइटमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा आरसा फुटलेला आहे. कॉम्प्युटरवर ईमेल वाचलेत तर कळतं की आरसा बदलून द्यायचा विषय आहे आणि हा प्रकार पहिल्यांदा घडलेला नाही. कुणी डायलॉग मारत नाही, फ्लॅशबॅक नाही. पण चेहऱ्यावर ती पट्टी घेऊन सकाळी आरशासमोर उभं राहणं ह्या माणसाला जमत नाहीये एवढं समजतं. तुमच्या हीरोच्या डोळ्यांचं डिझाइन झालं की त्याच्या घरात त्या डोळ्यांमुळे काय बदललं ते एक तरी ठरवा. आरसा, दिवे, जुने फोटो, काहीही. तेही डोळ्याच्या डिझाइनमध्येच मोडतं असं मी मानतो.

जुन्या हीरोचं देणं

चष्मा हवेतून आलेला नाही. पहिला 'ड्यूस एक्स' २००० साली आयन स्टॉर्मने काढला, त्यातला हीरो जेसी डेंटन लांब काळा कोट आणि रात्रीसुद्धा काळा गॉगल घालून फिरायचा. पण त्याच्या शरीरातली यंत्रं नॅनो होती, म्हणजे बाहेरून दिसतच नाहीत, मग ह्याच्यात काहीतरी वेगळं आहे हे दाखवायला गॉगल उपयोगी पडला. २०११ चा गेम हा त्याची आधीची गोष्ट, पंचवीस वर्षं मागे, नॅनो यायच्या आधीचा काळ, म्हणजे यंत्रं मोठी, जड, लोखंडी, लपवता न येणारी. तेव्हा टीमने काय केलं तर गॉगल ठेवला पण त्याला शरीरात घातलं. जुन्या चाहत्यांना ओळख पटली, आणि 'हा काळ जास्त ओबडधोबड आहे' हेही त्याच वस्तूने सांगितलं. तुम्ही एखाद्या सिरीजचं फॅन-आर्ट किंवा स्पिन-ऑफ करत असाल तर हेच करा, जुन्या हीरोची एक खूण घ्या आणि तिचा जोड बदला. रंग बदलून काही होत नाही, ती खूण अंगाला कुठे आणि कशी चिकटलीये ते बदललं की नवीन माणूस तयार होतो.

हाडं मोजा

इथे जरा वेळ घालवा, कारण चित्र खरं वाटतं की खोटं हे इथेच ठरतं.

मोठ्या माणसाचं बुबुळासकट अख्खं नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं असतं, बाहेरून दिसणारा रंगीत भाग १२ मिलिमीटरच्या आसपास. ज्या हाडाच्या खोबणीत तो बसतो ती पुढून साधारण ४० मिलिमीटर रुंद आणि ३५ उंच. म्हणजे डोळ्याच्या भोवती जागा आहे, पण तिथे चरबी आहे, डोळा फिरवणारे सहा स्नायू आहेत, शिरा आहेत, आणि मागून मेंदूकडे जाणारी नस आहे ज्यात दहा-बारा लाख तंतू असतात. तुम्ही डोळ्याच्या जागी भलामोठा कॅमेऱ्याचा ट्यूब घुसवलात तर तो मागे कुठे जाणार? मेंदूत. ट्यूब लांब हवी असेल तर ती पुढे येऊ द्या आणि माणूस विद्रूप होऊ द्या, किंवा यंत्राचा जड भाग डोळ्याबाहेर हलवा, कानामागे, भुवईवर, गालाच्या हाडावर. दोन्ही चालतं, फक्त ठरवून करा.

आता आरशासमोर जा आणि बोट डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या हाडावर ठेवा. ते हाड बऱ्यापैकी मागे आहे, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग त्याच्या साधारण दीड सेंटिमीटर तरी पुढे येतो. जेन्सनसारखी सरकणारी काच काढायची असेल तर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण बाहेरच्या कोपऱ्यातून निघालेली काच सरळ नाकाकडे सरकली तर डोळा कापेल. तिला आधी पुढे यावं लागेल, मग आत वळावं लागेल, आणि पापण्यांचे केस घासू नयेत म्हणून डोळ्यापासून अजून एक सेंटिमीटरभर लांब राहावं लागेल. म्हणजे काचेचा रस्ता वळणदार आहे. तो रस्ता वरून बघितल्यासारखा काढा, डोकं वरून, कवटीची गोलाई, काच कुठून निघते कुठे थांबते, आणि मधल्या तीन-चार पोझिशन. हे एक चित्र केलं की अ‍ॅनिमेटर तुम्हाला दुवा देतील.

दुसरा प्रश्न, आत गेलेली काच मावते कुठे? चाळीस मिलिमीटरची कडक काच कानशिलात घालायला जागा नाही, तिथे कातडीखाली जबडा हलवणारा स्नायू आहे. बोटं कानशिलावर ठेवून दात आवळा, फुगतो की नाही बघा. तिथे प्लेट घट्ट बसवली तर हीरो जेवताना काय होईल ह्याचा विचार करा. त्यामुळे काच पट्ट्यापट्ट्यांची करा, दुकानाच्या शटरसारखी गुंडाळली जाणारी, किंवा मऊ पडदा दाखवा जो वीज मिळाली की कडक होतो. गेमच्या टीमलाही असल्या प्रश्नांवर थोडी सूट घ्यावी लागलीच आहे, एवढ्या पातळ पट्टीत एवढी काच मावणं अवघडच, पण ती सरकते इतक्या झटक्यात आणि इतक्या आत्मविश्वासाने की मनात शंका यायला वेळ मिळत नाही. वेग हेही डिझाइन आहे. शंका येण्यासारखी जागा असेल तिथे हालचाल जलद ठेवा.

पडदा म्हणून वापरा

फर्स्ट पर्सन गेममध्ये, म्हणजे जिथे सगळं हीरोच्या नजरेतून दिसतं, एक मोठी अडचण असते, खेळणाऱ्याला स्वतःच्या हीरोचा चेहरा फार कमी वेळा दिसतो. ह्या गेममध्ये कॅमेरा बाहेर येतो तो कव्हर घेताना (आडोशाला लपताना), टेकडाउन करताना (जवळून शत्रूला लोळवताना), आणि संवाद किंवा कटसीनमध्ये (मधेमधे येणाऱ्या सिनेमासारख्या दृश्यांत). म्हणजे चेहऱ्याला मिळणारे क्षण मोजके, आणि त्या मोजक्या क्षणांत माणूस लक्षात राहायला हवा. अशा वेळी उघडबंद होणारा चष्मा म्हणजे फार मोठी सोय. काच बंद असेल तर तो कामावर आहे, शस्त्र आहे, काय विचार करतोय कळत नाही. काच आत गेली की डोळे दिसतात, आणि मग तुम्ही बघता की ते डोळेसुद्धा माणसाचे नाहीत, हिरवट-सोनेरी, यंत्राचे. तरी त्यात थकवा दिसतो. हा दुहेरी धक्का मला फार आवडतो, पडदा उघडला की माणूस सापडेल असं वाटतं आणि सापडतं अर्धवट.

तुमच्या गोष्टीत एक यादी करा, डोळा कधी झाकलेला, कधी उघडा, आणि तो निर्णय कोण घेतंय. हीरो स्वतः घेतोय की यंत्र आपोआप घेतंय, उदाहरणार्थ समोर अचानक प्रखर उजेड आला म्हणून? आपोआप होणारी उघडझाप एकदा तरी चुकीच्या वेळी दाखवा, रडतानाच काच बंद झाली तर त्या सीनचं काय होईल बघा. आणि भुवया मोकळ्या सोडा हो, प्लीज. डोळे झाकले की सगळा अभिनय भुवया आणि तोंडावर येतो, आणि कितीतरी डिझाइनमध्ये भुवईवरच प्लेट मारलेली असते, मग चेहरा मेलेला दिसतो आणि दोष अ‍ॅनिमेटरला जातो.

रंग

सायबरपंक, म्हणजे यंत्रं आणि बड्या कंपन्यांच्या अंधाऱ्या भविष्याच्या गोष्टी, म्हटलं की निळा-जांभळा निऑन, हे इतकं रुळलंय की त्यात काही म्हणावंसं उरलेलं नाही. इथे टीमने काळा आणि सोनेरी धरला आणि त्याला सायबर-रेनेसाँ असं नाव दिलं, जुन्या युरोपियन चित्रांतला तो काळोखातून येणारा पिवळा उजेड, कपड्यांना पुनरुज्जीवन काळातल्यासारख्या चुण्या आणि कॉलर, आणि मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेल्या ग्रीक कथेतल्या इकारसची गोष्ट सगळीकडे. माणसाने शरीर उघडून बघायला सुरुवात केली तो काळ आणि माणूस शरीर उघडून यंत्र घालतोय तो काळ, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले. विचार म्हणून मला हे सुंदर वाटतं. स्क्रीनवर मात्र तो सोनेरी थर सगळ्यांना झेपला नाही, २०१३ च्या डायरेक्टर्स कटमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, तो बराच कमी दिसतो. रंग निवडताना डोळ्याचा रंग आणि जगाचा रंग एकमेकात विरघळणार नाहीत एवढं बघा, सगळंच सोनेरी असेल तर सोनेरी डोळा उठणार कसा.

आतून काय दिसतं

बाहेरून डोळा झाला, पण खेळणारा तर आत बसलाय. ह्या गेममध्ये स्क्रीनवरचं जे काही आहे, आयुष्याची पट्टी, रडार, गोळ्या, मिशनचा बाण, ते सगळं जेन्सनच्या डोळ्यातल्या यंत्राने त्याला दाखवलेलं आहे असं मानलंय. हातात घेता येतील अशा वस्तूंना पिवळी-सोनेरी कडा येते, तीही त्यातच (काही जणांना ती नको होती म्हणून ऑप्शनमध्ये बंद करता येते). भिंतीपलीकडचं दाखवणारं स्मार्ट व्हिजन आहे पण ते बॅटरी खातं. डोळे दिपवणाऱ्या ग्रेनेडचा परिणाम अडवणारं अपग्रेड वेगळं घ्यावं लागतं. समोरच्या माणसाचा स्वभाव वाचून तुम्हाला बोलताना सूचना देणारं एक इम्प्लांट आहे, त्याची माहितीही बोलता बोलता नजरेसमोरच येते, आणि ते वापरलं की थोडं अपराधी वाटतं, वाटायलाच हवं.

पण खरा डाव पुढे आहे. गेमच्या मध्यात सगळ्या यंत्रवाल्यांच्या नजरेत बिघाड व्हायला लागतो, स्क्रीन तडतडते, आणि बातमी येते की क्लिनिकमध्ये जाऊन नवीन चिप बसवून घ्या. खेळणारा म्हणतो ठीके, अपडेट आहे, करून टाकू. तुम्ही ती चिप घेतलीत तर पुढे यारोन नामीर ह्या शत्रूशी लढताना समोरची बाजू एक बटण दाबते आणि तुमची स्क्रीन आणि तुमच्या शक्ती दोन्ही जातात. ज्याला आपण गेमचा मेनू समजत होतो ते ह्या माणसाचं शरीर होतं आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे होती. म्हणून तुम्ही तुमच्या हीरोचा स्क्रीनवरचा इंटरफेस काढाल तेव्हा त्याच बैठकीत त्याचं बिघडलेलं रूपही काढा. बॅटरी संपताना काय आधी जातं, रंग की धार की कडेची नजर? कुणी बाहेरून बंद केलं तर काळोख होतो की शेवटची फ्रेम तशीच अडकून राहते? दुसरं जास्त भीतीदायक आहे असं माझं मत.

खरे कृत्रिम डोळे बघून घ्या

संदर्भ म्हणून दुसऱ्यांचं कॉन्सेप्ट आर्ट बघत बसण्यापेक्षा खरी उपकरणं बघा. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीचं आर्गस टू, ज्याला तिथे २०१३ मध्ये मान्यता मिळाली, त्यात चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, आणि डोळ्याच्या आत पडद्यावर बसवलेली ६० इलेक्ट्रोडची पट्टी. रेटिनायटिस पिग्मेंटोसा ह्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने नजर गेलेल्यांना त्यातून उजेडाचे ठिपके आणि कडा कळायच्या. साठ ठिपके! आणि त्यासाठी माणसं ऑपरेशनला तयार झाली, ह्यावरून नजर म्हणजे काय ते समजा. पुढे कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि डोळ्यात यंत्र असलेली माणसं दुरुस्तीविना राहिली. गेममध्ये जी भीती कल्पनेतली होती ती इथे खरी घडली.

दुसरं नाव कॅनडाचा फिल्ममेकर रॉब स्पेन्स. लहानपणी बंदुकीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला, आणि त्याने कृत्रिम डोळ्यातच वायरलेस कॅमेरा बसवून घेतला. त्या कॅमेऱ्यातून त्याला स्वतःला काही दिसत नाही, नसेला जोडलेलाच नाही तो, पण समोरच्याला तो रेकॉर्ड करू शकतो. २०११ मध्ये ह्याच गेमच्या निमित्ताने त्याने खऱ्या जगातल्या बायोनिक अवयवांवर एक डॉक्युमेंटरी केली. डिझाइनर म्हणून त्याच्याकडून घ्यायचं ते हे की डोळा फक्त मालकासाठी नसतो, समोर बसलेल्या माणसाला तो काय करतो हेही ठरवावं लागतं. समोरचा अस्वस्थ होतो का, रेकॉर्डिंग चालू आहे हे त्याला कळतं का, तुमच्या डिझाइनमध्ये त्यासाठी दिवा आहे की मुद्दाम नाही?

ह्याच धाग्याने २०१६ चा 'मॅनकाइंड डिव्हायडेड' बघा, २०२९ चं प्राग. तिथे यंत्रवाल्यांना वेगळं काढलेलं आहे, मेट्रोत डबेसुद्धा वेगळे, चुकीच्या डब्यातून उतरलात तर पोलीस कागदपत्रं मागतात. डोळ्याभोवतीची जी पट्टी पहिल्या गेममध्ये स्टाइल होती तीच इथे दुरून ओळखू येणारी खूण झाली. तुमच्या जगात लपवता येणारे डोळे आणि लपवता न येणारे डोळे असे दोन प्रकार आहेत का, आणि लपवणारे महाग आहेत का, हे ठरवलंत की रस्त्यावरच्या गर्दीतला प्रत्येक चेहरा डिझाइन करायला सोपा जातो.

तपासणी

शेवटी चित्र लहान करा, फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं, आणि काळंपांढरं करा. डोळ्याजवळचा तो आकार अजून ओळखू येतोय का? जेन्सनचा येतो, दोन काळे कोनदार ठिपके आणि खाली टोकदार दाढी, बास. येत नसेल तर तपशील वाढवू नका, कमी करा. मग चारच एक्स्प्रेशन काढा, राग, झोप, खोटं हसू, आणि दुखतंय. चारही वेळा डोळ्याचं यंत्र काहीतरी वेगळं करत असलं पाहिजे, किंवा मुद्दाम तसंच राहून चेहऱ्याच्या विरोधात जात असलं पाहिजे. झोपेचं चित्र टाळू नका, बरं का. यंत्राचे डोळे झोपेत बंद होतात का, पापणी मूळची ठेवलीये की तीही गेली, आणि शेजारी झोपलेल्याला अंधारात काय दिसतं, हे काढून बघितल्याशिवाय मॉडेलिंगला पाठवू नका.